फळ्यावरची लांबची बातमी

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. आईच्या माहेरचे धरले तरीही मीच पहिला. ती पदवी मला मिळाली घाटकोपरच्या एका पत्र्याच्या खोलीमुळे, आणि त्या खोलीचं जे झालं त्यात माझा वाटा आहे. हे मी इतकी वर्षं कोणाला नीट सांगितलेलं नाही.

तालुक्याच्या गावी बारावी करून मी मामाकडे आलो. मामा घाटकोपरला टेकडीच्या उतारावरच्या चाळीत राहायचा. तिथे एकाखाली एक अशा पाच चाळी होत्या. आमची सगळ्यात खालची. खालच्या तीन चाळींत बहुतेक आम्ही कोकणातले, वरच्या दोनांत घाटावरची माणसं. पाचही चाळींची मिळून एक संयुक्त समिती होती. नळाच्या वेळा, गणपती, वाचनालय, भांडणं, सगळं तिच्याकडे. सपाट जागा फक्त आमच्या चाळीपुढे होती, म्हणून समितीची खोली आमच्या अंगणात बांधलेली. पाचही चाळींतल्या माणसांनी रविवारी रविवारी श्रमदान करून ती उभी केली होती. वर पत्रा, आत दोन लांब बाकं, एक पंखा आणि कपाटभर पुस्तकं. हीच आमची अभ्यासिका.

सकाळी कॉलेज, मग विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात हजेरीची कारकुनी, आणि संध्याकाळी त्या बाकावर अभ्यास, अशी तीन वर्षं काढून मी बी. ए. झालो. निकाल लागला त्या दिवशी समितीचे अध्यक्ष मला घेऊन अंगणाच्या तोंडाशी असलेल्या फळ्यापाशी गेले. ते म्युनिसिपल शाळेतून निवृत्त झालेले, राहायला सगळ्यात वरच्या चाळीत. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांनी खडूचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "आजपासून फलक तू लिहायचास."

आमच्या फळ्याची एक पद्धत होती. वर पांढऱ्या खडूने बातमी, सहा-सात ओळींत. खाली पिवळ्या खडूने दोन ओळींत तिचा अर्थ, म्हणजे ज्याला बातमी कळली नाही त्याच्यासाठी. मास्तरांनी ही पद्धत पाडली होती. पांढरं कोणीही लिहील, ते म्हणायचे, पिवळ्याला शिकलेला माणूस लागतो. हे वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं असेल याची गणती नाही.

दुपारी दोन ते पाच अभ्यासिका बायकांसाठी राखून ठेवलेली असे. हेही मास्तरांचंच. सुरुवातीला दोन-चार मुली यायच्या, पण चौऱ्याऐंशी साली रोज नेमाने येणारी एकच बाई होती, मधल्या चाळीतल्या एक वहिनी. लग्नाआधी दोन वर्षं कॉलेज झालेलं, मग मुंबई, संसार. आता बाहेरून तिसऱ्या वर्षाला बसल्या होत्या. परीक्षा ऑक्टोबरात. घरात एकच खोली. सासऱ्यांची गिरणी संपापासून बंद, ते दिवसभर खाटेवर रेडिओ लावून पडलेले. दीर रात्रपाळी करून दुपारी झोपायचा, तेव्हा दिवाही लावता यायचा नाही. "मला सबंध दिवसात वाचायला मिळतात ते हे तीन तास," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, तक्रार म्हणून नाही, वेळापत्रक सांगावं तसं. नवऱ्याची ना नव्हती. तो भांडुपला एका कंपनीत होता. त्यांच्या घरातही कोणी पदवीधर नव्हतं.

शनिवारी माझी अर्धी सुट्टी. मी दोनच्या सुमारास परत यायचो तेव्हा त्या राज्यशास्त्राचं पुस्तक घेऊन दारात येत आणि अडलेलं विचारत. मी बाहेर पायरीवर बसायचो, त्या आत बाकावर. शिकवताना मला फार बरं वाटायचं. आपल्यावर झालेले उपकार आपण फेडतो आहोत असं वाटायचं.

त्या वर्षी मे महिन्यात बोंबलांवरून वाजलं. पावसाळ्याआधी आमच्या चाळीतल्या बायका सुकी मासळी भरून ठेवायच्या, आणि भरण्याआधी अंगणात चटया टाकून तिला ऊन दाखवायच्या. अभ्यासिकेच्या खिडकीखालीच. माश्या घोंघावायच्या, वास आत यायचा. वरच्या दोन चाळींतल्यांनी तक्रार केली आणि समितीने ठराव केला की अंगणात मासळी वाळवायची नाही, टाकीमागच्या कट्ट्यावर वाळवावी. कट्ट्यावर ऊन जेमतेम दोन तास. आमच्या चाळीत हा ठराव कोणालाच गिळेना.

सगळ्यात जास्त बोलायचा तो आमच्या चाळीतला फिटर. एका कारखान्यात फिटर होता, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. मनाने वाईट नव्हता. कोणाच्या घरी मयत झालं की बांबू आणायला पहिला तोच धावायचा. पण जीभ तिखट. "अंगण आमचं, ऊन आमचं, बोंबील आमचे," तो नळावर सगळ्यांना ऐकवायचा, "आणि ठराव कोणाचा, तर ज्यांना बोंबील खाता येत नाही त्यांचा."

मामा त्याच्या बाजूने होता. मामाचीही गिरणी गेलेली. अडीच वर्षं तो घरी होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं. मालक हाताशी नव्हता, सरकार हाताशी नव्हतं. समिती तेवढी अंगणात होती. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मामाचा राग खरोखरच बोंबलांचा आहे असं मी समजत होतो.

जून उजाडला तो वाईट बातम्या घेऊन. मे महिन्यात आपल्याच शहरात आणि आजूबाजूला दंगली होऊन गेल्या होत्या. मग पंजाबातलं सुरू झालं. मी दोन दिवस ते लिहिलं, तर फळ्यापाशी घोळका जमून आवाज चढायला लागले. मास्तर स्वतः खाली उतरले. म्हणाले, "थोडे दिवस काहीतरी लांबचं लिही रे. ज्याने इथे कोणाचं डोकं तापणार नाही असं."

कारखान्यात साहेबांचं इंग्रजी वर्तमानपत्र दुपारनंतर टाइम ऑफिसात यायचं. त्यात आतल्या पानावर मला हवं तसं मिळालं. युरोपातल्या दहा देशांनी मिळून एक सामाईक बाजार केला होता आणि त्याचं एक सामाईक पार्लमेंट होतं. त्याची निवडणूक झाली होती. विलायतेत मतदानाला फार थोडे लोक गेले, आणि जे गेले त्यांनी त्या सामाईक बाजाराला नावं ठेवणाऱ्या पक्षाच्या जागा चांगल्याच वाढवून दिल्या. इतर देशांतही कुठे कुठे अशा विरोधकांना मतं पडली होती. मला ही गोष्ट विलक्षण वाटली. ज्या घरात जायचं नाही म्हणता, त्याच घराचे प्रतिनिधी म्हणून निवडून येता.

मी ते पांढऱ्या खडूने लिहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारलं तर कोणालाच काही कळलं नव्हतं. एक आजोबा म्हणाले, अक्षर मात्र मोत्यासारखं. मला ते लागलं. बातमी तशीच ठेवून मी खालचा पिवळा मजकूर पुसला आणि नव्याने लिहिला: "म्हणजे असं समजा की आपल्या संयुक्त समितीच्या निवडणुकीत, ही समितीच नको म्हणणारे लोक उभे राहिले आणि तेच निवडून आले."

लिहून झाल्यावर मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं. खूप दिवसांत इतकं स्वच्छ काही जमलं नव्हतं. इतक्या लांबची गोष्ट मी आमच्या अंगणात आणून ठेवली होती. उदाहरण नेहमी ऐकणाऱ्याच्या घरातलं द्यावं, हे शाळेत शिकलो होतो.

या वेळी सगळ्यांना कळलं.

फिटर कामावरून येताना डबा हातात घेऊन फळ्यापुढे बराच वेळ उभा होता. मी पायरीवर होतो. त्याने मला बोलावलं.

"काय रे, हे चालतं?"

"काय?"

"समितीत बसायचं आणि समिती नको म्हणायचं."

मी म्हटलं, चालतं की, लोकशाहीत कोणीही उभं राहू शकतं. त्याने विचारलं, मग त्यांना आत कोणी बोलू देतं का. मी म्हटलं, निवडून आलेल्याला बोलू द्यावंच लागतं. ठरावावर मत देता येतं का? येतं. ठराव आणता येतो का? तोही येतो. त्याचा प्रत्येक प्रश्न नेमका होता आणि मी प्रत्येकाचं उत्तर मन लावून दिलं. असा हुशार विद्यार्थी मला मिळाला नव्हता. शेवटी त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "झकास. शिकलेला माणूस चाळीत पाहिजेच यार."

शनिवारी वहिनींनी पुस्तक उघडलंच नाही.

"भावजी, ते खालचं पिवळं पुसून टाका."

मी हसलो. म्हटलं, वहिनी, तुमच्या पेपरला येईल असं उदाहरण आहे ते.

"मला कळलं म्हणूनच सांगते. ते सगळ्यांनाच कळलंय." मग त्यांनी विचारलं, "त्या विलायतेतल्या लोकांचा राग खरंच त्या पार्लमेंटवर होता की दुसऱ्या कशावर?"

साहेबांच्या वर्तमानपत्रात ते लिहिलेलं असावं, पण मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. मी विषय बदलला आणि त्यांना मंत्रिमंडळाची जबाबदारी समजावून सांगू लागलो. पिवळा मजकूर आणखी तीन दिवस फळ्यावर राहिला. पुसायला मला जिवावर आलं होतं, दुसरं काही कारण नाही.

समितीची निवडणूक जुलैत असायची, गणपतीच्या तयारीला वेळ मिळावा म्हणून. प्रत्येक चाळीतून दोन प्रतिनिधी, मतदान हात वर करून, घरटी एक हात. एरवी उभं राहायला माणसं शोधावी लागत. त्या वर्षी आमच्या चाळीतून फिटर आणि त्याचा शेजारी उभे राहिले, एकच गोष्ट सांगत, की ज्याची चाळ त्याचा कारभार. आमच्या लगेच वरच्या, कोकणातल्याच दोन चाळींतूनही तेच म्हणणारे निघाले. त्या चाळींना बोंबलांचं दुःख नव्हतं. एकीला नळाच्या वेळा खुपत होत्या, दुसरीला मागच्या वर्षी आरतीचा मान मिळाला नव्हता. ज्याला जे खुपत होतं ते त्याने आपापलं आणलं.

मामा तेव्हा लावणीसाठी गावी निघाला होता. पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाला, "आपल्या घराचो हात तू वर करशीत. फिटराक. इसरा नको."

मी म्हटलं, मामा, मास्तरांनी माझं किती केलंय.

"मास्तरांनी केल्यानी, ता खरा. पण भाकरी खंयची खातंस?" त्याने हे रागाने विचारलं नाही. उलट माझ्या डोक्यावर हात ठेवून तो निघाला. सहा वर्षं त्याने मला स्वतःच्या मुलांत जेवायला बसवलं होतं.

सभेला पावसामुळे निम्मी घरंही आली नाहीत. येणारे आले ते रागावलेलेच होते, बाकीचे घरी बसले. आमच्या चाळीची पाळी आली तेव्हा मी हात वर केला. मास्तर समोर टेबलाशी बसले होते. त्यांनी हातांकडे पाहिलं, माझ्याकडे वेगळं असं पाहिलं नाही. माझ्या एका हाताने काही बदललं नसतं, फिटर तसाही निवडून आला असता. हे खरं आहे, आणि मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

दहापैकी सहा जागांवर समिती नको म्हणणारे आले. विलायतेतल्या त्या लोकांनी आत जाऊन कितीही नावं ठेवली तरी दहा देशांचा एवढा मोठा डोलारा काही लगेच हलला नाही. आमची समिती दहाच माणसांची होती. पहिल्याच बैठकीत ठराव झाला की यापुढे प्रत्येक चाळीने आपलं आपलं पाहावं. वाचनालयाची पुस्तकं पाच गठ्ठ्यांत बांधली. खोली आमच्या अंगणात, म्हणून खोली आमची. मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि टेकडी चढून गेले. त्यांच्या हातात छत्री होती पण त्यांनी ती उघडली नाही.

मग आमच्या चाळीची समिती झाली. तिने पहिल्या आठवड्यातच नियम केला की खोली फक्त खालच्या चाळीतल्यांनी वापरायची.

शनिवारी मी कामावरून आलो तेव्हा वहिनी छातीशी पुस्तकं धरून दारात उभ्या होत्या. आत आमच्याच चाळीतल्या दोघी बाकावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. फिटर दाराशी होता. तो हळू आवाजात बोलत होता, त्यालाही ते अवघड जात होतं.

"वहिनी, तुमच्याशी आमचं भांडण नाही. पण एकाला सोडलं की उद्या वरचे सगळे येतील. तुमच्या चाळीला सांगा, एक खोली बांधा."

"कुठे बांधू?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चाळीपुढे उतार आणि गटार याखेरीज काही नव्हतं.

फिटरने मला पाहिलं आणि त्याला सुटल्यासारखं झालं. "हा आला बघा. तूच सांग रे, तूच समजावलंस ना सगळं."

दोघंही माझ्याकडे पाहू लागली. मला एवढंच म्हणायचं होतं की, फिटर, परीक्षेपर्यंत त्यांना बसू दे. अडीच महिन्यांचा प्रश्न होता. त्याने कदाचित ऐकलंही असतं, कारण त्याला कोणीतरी तसं म्हणायला हवंच होतं. माझ्या मनात आलं की मामा गावी आहे, आपण त्याच्या खोलीत राहतो, आणि आपणच हात वर केलेला आहे. मी म्हणालो, "ठरावच तसा झालाय, वहिनी."

त्यांनी मान हलवली. पुस्तकांवर पदर घेतला, कारण पाऊस भुरभुरत होता, आणि त्या पायऱ्या चढून गेल्या.

पुढे मी धडपड केली नाही असं नाही. मामा आल्यावर त्याच्याकडे विषय काढला, तर तो म्हणाला, फिटराक विचार. फिटर म्हणाला, ठराव बदलायला सभा लागेल, गणपतीनंतर बघू. मास्तरांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, माझ्या नोकरीची चौकशी केली, आणि समितीचं एक अक्षर काढलं नाही. फळा लिहिणं मी बंद केलं. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. नव्या समितीने त्यावर नळाच्या वेळा लिहायला सुरुवात केली होती.

गणपतीनंतर मी राज्यशास्त्राच्या माझ्या सगळ्या टिपणांची वही घेऊन वहिनींच्या घरी गेलो. सासरे खाटेवर, रेडिओ चालू, दीर भिंतीकडे तोंड करून झोपलेला. वहिनी मोरीपाशी भांडी घासत होत्या. हात पुसून त्यांनी वही घेतली, दोन पानं उलटली.

"छान लिहिता हो तुम्ही. सगळ्यांना कळेल असं."

टोमणा होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी वही फळीवर पत्र्याच्या डब्यांशेजारी ठेवली. मी विचारलं, वाचायला कुठे बसता. म्हणाल्या, जिन्यात बसून पाहिलं, देवळात बसून पाहिलं. देवळात बायका विचारतात, बाई, एवढं काय वाचता, कोणती पोथी. त्या हसल्या, म्हणून मीही हसलो.

ऑक्टोबरात त्यांचा पहिला पेपर होता त्या दिवशी मी रजा टाकली. का टाकली, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा त्यांना परीक्षेला जाताना पाहायचं होतं, म्हणजे मग मला हलकं वाटलं असतं. साडेनऊपासून मी अंगणाच्या तोंडाशी उभा होतो. स्टेशनला जायचं तर त्यांना तिथूनच जावं लागायचं.

दहाला त्या खाली आल्या. हातात रॉकेलचा डबा होता. मला पाहून थांबल्या.

"आज कामाला नाही गेलात?"

"रजा घेतली."

"बरं नाही का?"

"बरं आहे."

त्यांना कळलं. माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं असलं काही कळायला वेळ लागत नाही. डबा त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

"तुमची पण कारखान्यातली बढतीची परीक्षा आहे ना डिसेंबरात? मामी सांगत होत्या."

मी हो म्हटलं.

"मग रजा वाया नका घालवू, भावजी. बसा जाऊन आत. तुम्हाला जागा आहे."

एवढं बोलून त्या रेशनच्या रांगेकडे गेल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही कडवटपणा नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, निदान घरी जाऊन पडलो असतो. पुढच्या वर्षी त्यांचं बिऱ्हाड कल्याणच्या पलीकडे कुठेतरी गेलं. त्यांनी पुन्हा फॉर्म भरला का, पदवी मिळाली का, मला माहीत नाही. विचारता येईल अशी माणसं होती, पण मी कधी विचारलं नाही.

त्या सकाळी मी थोडा वेळ अंगणात तसाच उभा राहिलो. मग घरून पुस्तक आणलं. खोलीत कोणी नव्हतं, दोन्ही बाकं रिकामी होती. मी पंखा लावला आणि दुपारी जेवायची हाक येईपर्यंत वाचत बसलो. त्या परीक्षेत मी पास झालो.